राळेत राहिलेलं औषध

दिल्लीत करोलबागच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात १९३१ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळातून पाच नवी अल्कलॉइडं वेगळी काढली. तीन पांढरी, दोन पिवळी. स्फटिक देखणे आणि काम चोख. अडचण एवढीच होती की बिहारात लोक ज्या गुणासाठी हे मूळ वेड्यांना आणि झोप न येणाऱ्यांना देत आले होते, तो गुण असलेला मुख्य पदार्थ या पाचांत नव्हताच. तो राहिला होता स्फटिक न होणाऱ्या तपकिरी, चिकट राळेत. तिथून तो बाहेर पडायला आणखी एकवीस वर्षं लागली. बाहेर पडला तेव्हा तो दिल्लीत किंवा कलकत्त्यात नव्हे, तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात.

सर्पगंधेची गोष्ट आपल्याकडे दोन साच्यांत सांगतात. एकात आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक असतं. दुसऱ्यात गोरे लोक येऊन आपलं औषध पळवून नेतात. दोन्ही साच्यांत ही मधली एकवीस वर्षं गळून पडतात, आणि सगळं नाट्य तर त्याच वर्षांत घडलेलं आहे.

झाड म्हणावं असं काही त्यात नाही. कमरेच्याही खाली राहणारं, सावलीत वाढणारं एक झुडूप. एकेका पेऱ्यावर तीन-चार पानं, पांढरी फुलं पण त्यांचे देठ लालभडक, आणि पिकली की काळपट जांभळी होणारी बारीक फळं. कोकणात आणि सह्याद्रीच्या दमट रानात ते सापडतं. मराठीत त्याला अडकई, हरकी अशीही नावं आहेत. हिमालयाच्या पायथ्यापासून बिहार-बंगाल-आसामपर्यंत आणि पुढे ब्रह्मदेशातही ते वाढतं. वर काही भपका नाही. जे आहे ते जमिनीखाली, वाकड्यातिकड्या मुळाच्या सालीत. तोंडात धरवणार नाही इतकी ती साल कडू असते. सुक्या मुळात एक ते तीन टक्के अल्कलॉइडं भरतात, आणि त्यांतली बहुतेक या सालीतच असतात. आज अशी पन्नासएक अल्कलॉइडं माहीत आहेत.

युरोपने या मुळाबद्दल वाचलं ते बहुधा गोव्यात छापलेल्या पुस्तकात. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची मैत्री होती, तो त्याच्यावर उपचारही करी, आणि पुढे मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात सापाच्या विषावर चालणाऱ्या लाकडाचं वर्णन येतं आणि नागाशी झुंजणाऱ्या मुंगसाची गोष्टही येते. ते लाकूड म्हणजे सर्पगंधा, असं पुढच्या अनेक अभ्यासकांनी धरलं. ऑर्ता मूळचा ज्यू कुटुंबातला. १५६८ मध्ये तो वारला, आणि १५८० मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर लॅटिनमध्ये उतरून युरोपभर पसरलं होतं.

सापाच्या विषावर सर्पगंधा चालते, हे कधीच सिद्ध झालेलं नाही. मग हा समज इतकी शतकं टिकला कसा? माझा अंदाज असा, की बिनविषारी साप चावलेला किंवा अंगात विष न उतरलेला माणूस भीतीनेच अर्धमेला झालेला असतो. त्याची छाती धडधडते, हातपाय कापतात. मूळ उगाळून दिलं की काही वेळाने तो शांत होतो, आणि श्रेय उताऱ्याला मिळतं. मूळ विषाला हात लावत नव्हतं. शांत मात्र करत होतं. मेंदूला आणि रक्ताच्या दाबाला शांत करण्याचा हा गुण बिहारातल्या लोकांनी केव्हाच हेरलेला होता. तिथे तिला सरळ पागल की दवाच म्हणत. युनानी हकीम तिला असरोल म्हणत आणि निद्रानाशावर देत.

शास्त्रीय नावाचा किस्सा थोडक्यात सांगून टाकतो. लेओनहार्ट राउवोल्फ हा औग्सबुर्गचा डॉक्टर १५७३ ते १५७६ या काळात अलेप्पो, बगदाद, जेरुसलेम फिरून आला. अरबांच्या कॉफीचं वर्णन करणारा तो पहिल्या युरोपीयांपैकी एक. हिंदुस्थान त्याने पाहिलाच नाही. १७०३ साली शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने एका अमेरिकी वनस्पतीच्या प्रजातीला त्याचं नाव दिलं आणि नंतर सर्पगंधा त्याच प्रजातीत येऊन बसली. आपल्या रानातल्या झुडपाला जर्मन डॉक्टरचं नाव पडलं ते असं, वेस्ट इंडीजमार्गे.

आता दिल्लीकडे परत. हकीम अजमल खान हे तिब्बिया कॉलेजचे संस्थापक आणि १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष. देशी औषधांची तपासणी आधुनिक रसायनशास्त्राने व्हावी ही त्यांची इच्छा होती. फ्रँकफर्टहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन सलीमुझ्झमान सिद्दीकी परतले आणि त्यांनी ही जबाबदारी घेतली. हे गृहस्थ चित्रकारही होते. हकीमसाहेब १९२७ च्या डिसेंबरात गेले होते, म्हणून सिद्दीकींनी आपल्या नव्या पदार्थांना त्यांचंच नाव दिलं: अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. पिवळ्या दोघांना नाव मिळालं सर्पेंटीन आणि सर्पेंटिनीन.

मुख्य पदार्थ त्यांच्या हातून निसटला कसा, याचं उत्तर अल्कलॉइड काढण्याच्या पद्धतीतच आहे. अल्कलॉइड हा आम्लारी स्वभावाचा. मुळाची पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची, अर्क आटवायचा, त्यात आम्ल घालायचं. मग अल्कलॉइड क्षार होऊन पाण्यात उतरतो आणि तेलकट राळ वेगळी राहते. पाण्यात अमोनिया घातला की अल्कलॉइड पुन्हा बाहेर येतो. सर्पेंटीन चांगलाच तीव्र आम्लारी, अजमलीन मध्यम. हे दोघे पाण्यात निमूट उतरतात. पण ज्याच्या शोधात सगळे होते तो फारच सौम्य आम्लारी आहे. आम्ल घातलं तरी तो पाण्यात फारसा येत नाही, राळेला चिकटून बसतो. पद्धत बरोबर होती, हातही कसलेले होते. पण ही चाळणी ज्या दाण्यासाठी विणलेली होती तोच दाणा तिच्यात राहिला. शिवाय मुळात त्याचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्का. किलोभर सुक्या मुळांतून मिळालाच तर ग्रॅमभर मिळायचा.

त्याच वर्षी, म्हणजे १९३१ मध्येच, कलकत्त्यात आणखी एक निबंध छापून आला. लिहिणारे दोघे. गणनाथ सेन हे नामवंत कविराज, म्हणजे वैद्य, संस्कृतचे पंडित आणि ॲलोपॅथीही शिकलेले. कार्तिकचंद्र बोस हे डॉक्टर आणि औषध-कारखानदार. सर्पगंधेची पूड दिल्याने झोप येते, उन्मादाची तीव्रता उतरते आणि रक्तदाबही खाली येतो, असं त्यांनी रुग्णांवरून लिहिलं. शीर्षकातच वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींचा उल्लेख होता. पुढे जग वीस-पंचवीस वर्षं ज्या दोन वाटांनी चालणार होतं, त्या दोन्ही वाटा या एका निबंधात होत्या. पण तो निबंध छापून आला एका भारतीय मासिकात, आणि ते मासिक लंडन-बर्लिनच्या टेबलांवर कोण ठेवणार होतं?

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ही वाट सोडली नाही. १९३३ पासून ते प्राण्यांवर प्रयोग करत राहिले. सुटा स्फटिक दिला तर प्राणी म्हणावा तसा गुंगत नाही आणि कच्चा अर्क दिला तर गुंगतो, ही विसंगती त्यांच्यासमोर होती. त्यात देहरादूनकडचं मूळ आणि बिहारचं मूळ यांच्यात अल्कलॉइडांचा मेळ वेगळा, म्हणजे एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीला सापडेलच असं नाही. १९४३ मध्ये जे. सी. गुप्ता, ए. के. देब आणि बी. एस. काहली यांनी मनोरुग्णांवरचे निष्कर्ष छापले. १९४४ मध्ये गुप्ता आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: देहरादूनच्या मुळातून निघणाऱ्या राळेच्या अंशातच झोप आणणारा गुण आहे, असं त्यांनी छापून सांगितलं.

म्हणजे बाझलच्या आठ वर्षं आधी कलकत्त्याने बरोबर भांड्याकडे बोट दाखवलं होतं. बोट दाखवणं आणि त्या चिकट गोळ्यातून शुद्ध पदार्थ बाहेर काढणं यांत मात्र मोठं अंतर होतं. त्यासाठी अंशाअंशाने वेगळं करणारं क्रोमॅटोग्राफीचं तंत्र हवं, टनाने मुळं हवीत, आणि रोज निघालेला प्रत्येक अंश दुसऱ्या दिवशी प्राण्यावर तपासणारा औषधशास्त्रज्ञ शेजारच्याच खोलीत हवा. १९४४ सालचं कलकत्ता नुकतंच दुष्काळातून उठत होतं. त्याआधी शहरावर जपानी बॉम्ब पडले होते. तिथे या तिन्ही गोष्टी एका छताखाली कोण जमवणार? हुशारी कमी पडली, असं मला या निबंधांच्या ओघात कुठेच दिसत नाही. हुशारीच्या पाठीमागे उभं राहायला जे लागतं, ते नव्हतं.

आणि दरम्यान गोळी बाजारात आलीही होती. हिमालया कंपनीची ‘सर्पिना’ १९३४ पासून मिळत होती. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना हे मूळ चारून शांत करतात ते संस्थापकांनी पाहिलं आणि त्यांना ही कल्पना सुचली, असं कंपनी सांगते. मुळाची पूड आणि गोळी देशभर खपत होती. त्यांत नेमकं काय आणि किती आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

पुढचं पाऊल मुंबईत परळला पडलं. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ चा. लंडनला शिकून परतलेले हे पारशी डॉक्टर के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोग्यांना तपासत. त्या काळी उच्च रक्तदाबावर औषध नव्हतं म्हटलं तरी चालेल. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता, आणि जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला त्याचे डॉक्टर विश्रांती, मीठ कमी, फेनोबार्बिटल आणि डिजिटॅलिस याच्या पलीकडे फारसं काही देऊ शकले नव्हते. काही शल्यचिकित्सक पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापून दाब उतरवत. अमेरिकेत वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर रुग्णांना महिनोन्‌महिने भात, फळं आणि साखर यांवर ठेवत. कोकणी माणसाला ते पथ्य वाटलं नसतं, पण त्या भातात मीठ नव्हतं आणि सोबत माशाचं कालवणही नव्हतं.

वकिलांनी ५० रुग्णांवरचा आपला अभ्यास १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. बहुतेक रुग्णांचे वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब उतरले. लगेच नाही, हळूहळू. आणि औषध थांबवलं तरी परिणाम एकदम नाहीसा होत नव्हता. आजच्या हजारो माणसांच्या चाचण्यांपुढे ५० हा आकडा लहान दिसेल. पण लंडनहून निघणाऱ्या हृदयरोगाच्या नियतकालिकात एका भारतीय मुळाबद्दल मोजमापांसह लिहिलेलं हे पान जगभर वाचलं गेलं. सेन-बोस यांचा निबंध अठरा वर्षं जिथे पोचला नव्हता, तिथे हा एका वर्षात पोचला. दोन्हींत निरीक्षणाचा दर्जा किती वेगळा होता आणि पत्त्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण.

बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचला, भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांना दिल्या. दाब उतरला, नाडी मंदावली, आणि रुग्ण काहीसे निर्धास्त झाले, हे त्यांच्या लक्षात आलं. फेनोबार्बिटलसारखी झापड नव्हती. माणूस जागा असे, फक्त चिंता ओसरलेली असे.

तोवर बाझलमध्ये सीबा कंपनीत एमिल श्लिटलर आणि योहानेस म्युलर हे रसायनशास्त्रज्ञ आणि ह्युगो बाइन हा औषधशास्त्रज्ञ मुळांच्या मागे लागले होते. त्यांनी कलकत्त्याने दाखवलेल्या बाजूनेच हात घातला, राळेच्या बाजूने. अंश वेगळा काढायचा, बाइनने तो प्राण्यांवर तपासायचा, गुण ज्या अंशात टिकला तोच पुढे शुद्ध करत न्यायचा. १९५२ मध्ये रंगहीन स्फटिक हाती आले आणि त्याचं नाव पडलं रेसर्पीन. एका रेणूत ३३ कार्बन, ४० हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि ९ ऑक्सिजन. मात्रा मिलिग्रॅममध्येही नाही, मिलिग्रॅमच्या पावभागात. कच्च्या पुडीचा चमचा आणि डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं हे औषध यांतलं अंतर म्हणजे १९३१ ते १९५२. ‘सर्पासिल’ या नावाने ते बाजारात आलं.

कलकत्त्यात असीमा चटर्जी सर्पगंधेच्या कुळातल्या अल्कलॉइडांवर काम करत राहिल्या. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन अजमलीनच्या रचनेशी झगडत होते. रेसर्पीनची रचना तीनेक वर्षांत उलगडली आणि १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. पाच घट्ट कड्या आणि सहा डावे-उजवे कोपरे बरोबर बसवायचे होते. संश्लेषणाच्या इतिहासात ते आजही मैलाचा दगड मानलं जातं.

आता दुसरी वाट, वेडाची. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड या प्रचंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५३ पासून हे औषध देऊन पाहिलं. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत त्या सुमारास पाच लाखांवर माणसं कोंडलेली होती. हातापायांना पट्टे बांधायचे, गार पाण्यात बुडवायचं, विजेचे झटके द्यायचे, ही तिथली रोजची चाल. क्लाइन पुढे एक किस्सा सांगत: औषध सुरू झालं आणि खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या माणसाकडे काम कमी येऊ लागलं. रुग्ण काचा फोडेनासे झाले होते. ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो सीबाच्याच एका औषधशास्त्रज्ञाने या औषधासाठी रूढ केला. मनोविकारावरचं औषध म्हणून मात्र त्याचं राज्य फार टिकलं नाही. पॅरिसहून आलेलं क्लोरप्रोमाझीन जास्त लवकर काम करी आणि त्याने दोनतीन वर्षांत पुढचा मान घेतला.

पण रेसर्पीनने शास्त्राला जे दिलं ते गोळी म्हणून दिलेल्यापेक्षा मोठं होतं, असं मला वाटतं. ते हत्यार झालं. १९५५ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोर यांच्यासोबतच्या प्रयोगांत दिसलं, की रेसर्पीन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मेंदूतलं एखादं रसायन आणि प्राण्याची वागणूक यांचा असा थेट दुवा तोपर्यंत कोणी दाखवलेला नव्हता. त्याच प्रयोगशाळेत काही महिने स्वीडनचे अर्विद कार्लसन येऊन राहिले होते. सेरोटोनिन संपतं, तर नॉरॲड्रिनलिनचं काय? ब्रोडींना त्या प्रश्नात रस नव्हता. कार्लसन लुंडला परतले आणि निल्स-ओके हिलार्प यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की तोही साठा रिता होतो.

मग सशांचा तो प्रसिद्ध प्रयोग. रेसर्पीन दिलेले ससे कान पाडून, अंग आखडून एका जागी बसून राहिले. सेरोटोनिन बनायला लागणारं द्रव्य दिलं तरी हलले नाहीत. एल-डोपा टोचल्यावर मात्र पंधरा मिनिटांत उठून हिंडू लागले. १९५७ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षी कार्लसन यांनी सांगितलं, की एल-डोपापासून मेंदूत बनणारं डोपामिन हे नुसतं मधल्या पायरीचं द्रव्य नसून स्वतःच संदेशवाहक आहे, आणि ते कमी पडलं की पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात. रेसर्पीन जास्त दिलेल्या माणसांचे हातही तसेच कापत, हे डॉक्टरांनी पाहिलंच होतं. १९६० मध्ये लंडनच्या एका परिषदेत सर हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांनी कार्लसन यांचं म्हणणं उडवून लावलं. त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्नीकीविच यांनी पार्किन्सनने मेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन खरंच घटलेलं असल्याचं दाखवलं आणि पुढच्या वर्षी रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आपल्यासाठी यात एक जोड आहे: एल-डोपा १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी कुहिलीच्या, म्हणजे खाजकुइलीच्या, बियांतून वेगळं काढलं होतं. सशांना झोपवणारं मूळ आणि उठवणारं बी, दोन्ही आपल्याच रानातली.

रेसर्पीन नेमकं करतं काय, हे पुढे आणखी स्पष्ट झालं. मज्जातंतूच्या टोकाशी संदेशवाहक द्रव्यं बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. पिशवीत द्रव्य ओढून घेणारं एक प्रथिन असतं. रेसर्पीन त्याच प्रथिनाला घट्ट चिकटतं. बाहेर राहिलेलं द्रव्य पेशीतली विकरं खाऊन टाकतात. हळूहळू साठा संपतो, म्हणून परिणाम हळूहळू दिसतो. आणि औषध थांबवल्यावरही प्रथिन मोकळं होईतो किंवा नव्या पिशव्या तयार होईतो तो टिकतो. मुंबईत वकिलांनी रुग्णांत जे पाहिलं, त्याचं कारण हे. हृदय आणि रक्तवाहिन्यांना ताण देणारे संदेश कमी झाले की दाब उतरतो, आणि नाकातल्या रक्तवाहिन्या सैल पडल्याने रुग्णाचं नाक चोंदतं. सर्पगंधा घेणारा बंद नाकाने बोलतो, ही तक्रार जुनीच.

उदासीचा वाद इथेच सुरू झाला. १९५४ मध्ये वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्रीस यांनी लिहिलं, की मोठ्या मात्रेत बराच काळ रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेले. साठे रिकामे झाले की माणूस उदास होतो, या निरीक्षणावर नैराश्याचं रासायनिक गृहीतक उभं राहिलं आणि अर्ध्या शतकाचा औषधबाजार त्यावर चालला. पण १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं, की चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसर्पीनने उलट बरं वाटलं. हा निबंध जवळजवळ सगळे विसरले. सोयीचं निरीक्षण लक्षात राहतं आणि गैरसोयीचं मागे पडतं, हा अनुभव सर्पगंधेला नवा नव्हता.

इकडे रानं ओरबाडली जात होती. बाजार भडकला तसं मुळांना सोन्याचा भाव आला, आणि मूळ उपटलं की झाड संपतं. बी उगवण्याचं प्रमाण कमी, आणि कामाचं मूळ तयार व्हायला दीड ते तीन वर्षं. पन्नासच्या दशकाच्या मध्याला भारत सरकारने कच्च्या मुळांच्या निर्यातीवर बंधनं घातली. मग कंपन्या आफ्रिकेकडे वळल्या. काँगोच्या बाजूला वाढणाऱ्या तिच्या चुलत बहिणीच्या, रॉवोल्फिया व्हॉमिटोरियाच्या, मुळात रेसर्पीन जास्तच निघालं. १९९० मध्ये सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या ‘साइट्स’ यादीत गेली. तरी आजही तिची पूड आयुर्वेदिक दुकानात मागितली की मिळते. एका रानातलं मूळ दुसऱ्या रानातल्या मुळासारखं नसतं, हे १९४०च्या दशकातच कळलेलं असताना ती चमच्याने मोजून, रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळ्यांसोबत, कोणाला न विचारता घेणं मला धाडसाचं वाटतं.

दिल्लीतले ते पाच स्फटिकही वाया गेले नाहीत. हृदयाची लय बिघडते तेव्हा अजमलीन कामाला येतं, हे पुढे लक्षात आलं आणि जर्मनीत ते औषध म्हणून वापरलं गेलं. १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधूंनी अचानक हृदय थांबवणारा एक आनुवंशिक आजार वर्णन केला. तो साध्या ईसीजीत लपून राहतो. आज युरोपातल्या रुग्णालयांत अजमलीन शिरेतून देऊन, त्या काही मिनिटांत ईसीजीचा आकार बदलतो का, हे पाहतात. सलीमुझ्झमान सिद्दीकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले, तिथल्या विज्ञानसंस्था त्यांनी उभारल्या आणि १९९४ मध्ये कराचीत ते वारले.

रेसर्पीनचा उतार मात्र ठरलेला होता. पण त्याआधी, १९६७ मध्ये, त्याच फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास छापला. फार चढा खालचा दाब असलेल्या १४३ जणांना एकतर तीन औषधांचं मिश्रण, ज्यात रेसर्पीन होतं, किंवा बिनऔषधी गोळी दिली गेली. बिनऔषधी गटात २७ गंभीर घटना घडल्या, औषध घेणाऱ्यांत २. उच्च रक्तदाबावर औषध दिल्याने माणसं वाचतात, याचा हा पहिला भक्कम पुरावा. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एकाच वेळी तीन अभ्यास आले: रेसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हे टिकलं नाही, पण डॉक्टरांचं मन एकदा उडालं ते उडालंच. नवी, महागडी, मालकीहक्काची औषधं दारात उभी होती. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीची बाजू मांडण्यात कोणाला रस असणार? १९९१ च्या अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या रक्तदाबावरच्या प्रसिद्ध चाचणीत रेसर्पीन दुसऱ्या पायरीचं औषध म्हणून शेवटचं मोठ्या मानाने दिसलं. मज्जातंतूच्या पिशवीतल्या त्याच प्रथिनाला धरणारं टेट्राबेनाझीन १९५० च्या दशकात रेसर्पीनच्या नमुन्यावर शोधलं गेलं होतं. हंटिंग्टनच्या आजारात हातपाय आपोआप नाचतात, त्यावर ते अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झालं, आणि २०१७ मध्ये त्याची दोन सुधारित रूपं आली. सर्पगंधा उगवत नाही अशा देशांतही न्यूरॉलॉजिस्ट आता ही औषधं लिहून देतात.